कच्चा विषय कुणाचा?

स्पर्धा संपलेली असते. मूल गवतावर पाय पसरून केळं खात असतं आणि आपल्या मोबाइलवर निकालाचा तक्ता येऊन पडतो. पोहण्यात चौथी, धावण्यात सहावी, सायकलिंगमध्ये एकोणिसावी, एकूण नववी. खरं सांगा, आपलं बोट स्क्रीनवर आधी कुठे थांबतं? त्या एकोणिसाव्या नंबरावर. आणि मग अगदी प्रेमाने, पाठीवरून हात फिरवत आपण विचारतो, "सायकलवर काय झालं गं?"

आपला हेतू वाईट नसतो. आपण पहाटे साडेचारला उठलेलो असतो, सायकल गाडीच्या मागे बांधून आणलेली असते, डबा केलेला असतो, उन्हात उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडलेलो असतो. पण तिला एवढंच ऐकू येतं की, पोहण्यातला चौथा नंबर कुणी पाहिलाच नाही. प्रगतिपुस्तक हातात आलं की नजर गणितातल्या ९२ वरून घसरत हिंदीतल्या ५८ वर जाऊन बसते ना, तीच ही सवय. शाळेतून ती आपण थेट मैदानावर आणली.

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायचा हा खेळ, या सवयीला भलतंच खतपाणी घालतो. बुद्धिबळात हरलं तर हरलं, घरी या. इथे मात्र हार तीन तुकड्यांत, सेकंदांसकट छापून मिळते. कुठे कमी पडलो ते शोधावं लागत नाही, समोरच असतं. माझी धाकटी आठवीत आहे. ती पोहण्यातून या खेळात आली, त्यामुळे आमच्या घरचा कच्चा विषय सायकल. तुमच्याकडे कदाचित पाणी असेल, कदाचित धावणं. तिन्ही सारखं येणारं मूल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा, आयर्नमॅनचा, जन्मच मुळी 'कोण भारी' या वादातून झाला. हवाईमध्ये जॉन कॉलिन्स नावाचा नौदल अधिकारी होता. पोहणारे जास्त दमदार की धावणारे की सायकलवाले, यावर तिथल्या मंडळींत वाद रंगला आणि मग तिन्ही एकापाठोपाठ करूनच बघू असं ठरलं. १९७८ च्या फेब्रुवारीत १५ जण सुरुवातीला उभे राहिले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. ते सगळे मोठे पुरुष होते, हौसेने वाद घालत होते. आपल्या मुलांच्या वाट्याला तो वाद आयता आलाय.

त्यात आता घरात मोठ्यांनाही हे वेड आहे. २०१९ मध्ये गोव्यात पहिल्यांदा 'आयर्नमॅन ७०.३' झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. कोल्हापूर, पुणे, नाशिककडची किती तरी आईबाबा मंडळी त्यासाठी सराव करतात. चांगलंच आहे. फक्त मग बाबांचं घड्याळ, बाबांचं अ‍ॅप आणि बाबांचा तक्ता हळूच मुलाच्या वहीत उतरतो. आणि २०२५ मध्ये उत्तराखंडातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनचं सुवर्ण महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने जिंकलं, अशा बातम्या वाचल्या की आपल्या पोटात आनंदाबरोबर एक घाईही शिरते. आपलीला आताच सगळं यायला हवं, अशी.

मला एका बाईची गोष्ट फार धीर देते. अमेरिकेची ग्वेन जॉर्गेन्सन. कॉलेजात ती आधी पोहायची, मग धावू लागली. शिक्षण संपल्यावर अकाउंटंट म्हणून नोकरीला लागली. तिचं पोहणं आणि धावणं पाहून तिकडच्या ट्रायथलॉन संघटनेने तिला या खेळात ओढलं. सायकलिंगचा तिला अनुभवच नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिची सायकल पंक्चर झाली आणि ती ३८ वी आली. चार वर्षांनी रिओमध्ये तिने सुवर्णपदक जिंकलं, ट्रायथलॉनमधलं अमेरिकेचं पहिलं.

या चार वर्षांत ती जगातली सर्वोत्तम सायकलपटू झाली का? नाही. रिओचा सायकलचा रस्ता चढउताराचा होता. तिथे पुढच्या घोळक्याबरोबर टिकून राहता येईल, वळणावर आणि उतारावर मागे पडायला होणार नाही, इतपत सायकल तिने पक्की केली. शर्यत जिंकली ती धावण्यावर, जे तिचं आधीपासूनच होतं.

तोल सांभाळणं म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे कळलं. तिन्ही बाजू एकसारख्या करायच्या नसतात. कच्ची बाजू एवढीच सुधारायची की पक्की बाजू वाया जाऊ नये. आपण करतो नेमकं उलट. कच्च्याची शिकवणी लावण्यासाठी पक्क्याचे दिवस कापतो. "पोहणं तुला येतंच की, दोन दिवस कमी कर आणि सायकलवर बस." तिच्या मैत्रिणी पोहायला असतात. सरांनी नाव घेऊन शाबासकी दिलेली असते ती तिथे. आठवड्यातल्या ज्या दोन दिवशी तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, तेच दोन दिवस आपण काढून घेतो. मग महिनाभराने आपणच म्हणतो, "हल्ली हिचा मूडच नसतो."

आता थोडं गणित करू. ते करून पाहिल्यावर मला तरी जरा शांत वाटलं. स्प्रिंट अंतर धरू या: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. (लहान वयोगटांची अंतरं याहून कमी असतात, आणि तशीच असावीत.) समजा, मूल दर १०० मीटरला २ मिनिटं २० सेकंद घेतं, तर पोहायला साडेसतरा मिनिटं लागतील. ताशी २५ किलोमीटरने सायकल चालवली तर ४८ मिनिटं. किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी धावलं तर साडेसत्तावीस मिनिटं. आता पोहण्यात दर १०० मीटरला १० सेकंद वाचवायचे, तर त्यासाठी कित्येक महिने घाम गाळावा लागेल आणि शेवटी वाचणार सव्वा मिनिट. सायकल ताशी २५ वरून २७ झाली, तर साडेतीन मिनिटं वाचतात.

म्हणजे वेळ बहुतेक सायकलवर जातो. पोहण्याच्या ज्या रकान्यासाठी आपल्यातले बरेच जण रात्री जागतात, त्याचा निकालाशी एवढा मोठा संबंध नसतोही. पण या गणितात एक गोष्ट बसत नाही. पाण्यातून मूल कसं बाहेर येतं? दमून, घाबरून, खोकत आलं तर पुढची ४८ मिनिटंही गेलीच म्हणा. म्हणून पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलू या.

आमच्या ट्रायथलॉनच्या ग्रुपमध्ये एक मुलगा आहे. क्रॉसकंट्रीमधून आलेला, सडसडीत, हरणावर मात करेल असा धावतो. तलावात ४०० मीटर बरा पोहायचा. म्हणजे टाइल्सच्या तलावात. मोकळ्या पाण्यात पहिल्यांदा उतरवला तेव्हा पन्नासेक मीटरवर थांबला, मान वर काढली आणि हलेना. घरच्यांनी लगेच पोहण्याची आणखी एक बॅच लावली. सकाळीही पोहायचं, संध्याकाळीही. फरक शून्य. एके दिवशी काठावर बसून चिक्की खाता खाता तो मला सहज म्हणाला, "काकू, खाली काहीच दिसत नाही हो."

बिचाऱ्याला पोहणं येत होतं. त्याला भीती वाटत होती. या दोन गोष्टी निकालाच्या तक्त्यात एकाच रकान्यात येतात, म्हणून आपण त्या एकच समजतो.

टाइल्सच्या तलावात खाली काळी रेघ असते, दोन्ही टोकांना भिंत असते. दम लागला तर हात टेकवता येतो. मोकळ्या पाण्यात यातलं काहीही नाही. गढूळ पाण्यात स्वतःचा हातही कोपराच्या पुढे दिसत नाही. त्यात सुरुवातीला सगळे एकदम सुटतात, कुणाची लाथ लागते, कुणाचा हात डोक्यावर बसतो. मोठ्यांच्यासुद्धा छातीत धडधडतं. मग बारा-तेरा वर्षांच्या पोराने "मला नाही जमत" म्हटलं तर त्याला कच्चं म्हणायचं का?

आपल्याकडे जुन्या पिढीने विहिरीवर पोहायला शिकवलं. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. काका लोक अजून अभिमानाने सांगतात, "पाण्यात पडलं की येतं पोहायला!" आलंही बऱ्याच जणांना. पण ज्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा विहिरीकडे पाऊल टाकलं नाही, ते ही गोष्ट सांगायला पुढे येत नाहीत ना.

त्या मुलाला शेवटी उपयोग झाला तो फेऱ्या कमी करण्याचा. त्याच्या सरांनी त्याला काही दिवस कमरेएवढ्या पाण्यात नुसतं उभं केलं. तोंड पाण्यात घालून सावकाश श्वास सोडायचा. मग उताणं होऊन तरंगायचं. मग काठाला समांतर, पाय टेकतील एवढ्याच खोलीत पोहायचं. दर काही हातांनी डोळे मगरीएवढे वर काढून समोरचा बोया शोधायचा. आणि सुरुवातीला घोळक्याच्या मध्ये न घुसता कडेला, थोडं मागे उभं राहायचं.

त्याला सगळ्यात जास्त आधार एका नियमाने दिला. शर्यतीत दम लागला तर बोट, कयाक किंवा बोया धरून थांबता येतं. त्याला धरून पुढे सरकायचं तेवढं नाही. किती मुलांना हे ठाऊक असतं? किती पालकांना? "मधे थांबलो तर बाद" अशी समजूत मनात घेऊन मुलं पाण्यात उतरतात आणि धडधड तिथूनच सुरू होते. आज घरी गेल्यावर मुलाला एवढं सांगितलंत तरी खूप आहे.

एक मात्र कडकपणे म्हणते. नदी, धरण, तळं, समुद्र, कुठेही मुलाला जीवरक्षक, प्रशिक्षक आणि सोबत बोट किंवा तरंगता बोया असल्याशिवाय उतरवू नका. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी. सरावासाठी मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरणासारख्या स्पर्धा असतात, लहानांसाठी वेगळी, छोटी अंतरं असतात, सुरक्षेची माणसं असतात. तिथे नुसतं बघायला नेलंत तरी मुलाचं निम्मं बुजरेपण जातं.

आणि जिथे खरंच पोहणं कच्चं आहे, भीती नाही, तिथे काय? पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट असतं. तिथे ताकद लावून फारसं भागत नाही, अंग पाण्यात सरळ आडवं राहणं महत्त्वाचं. धावणाऱ्या मुलांचे घोटे बरेचदा ताठ असतात, पाय मागे बुडतात आणि मग ती बिचारी जास्तच जोरात पाय मारतात. अशा मुलाला रविवारी एकदम दोन तास पोहायला लावण्यापेक्षा आठवड्यातून चारदा अर्धा अर्धा तास पाण्यात पाठवलेलं बरं. हात-पाय ती हालचाल विसरत नाहीत.

आता सायकल. इथे जरा आपल्याकडेच बोट वळतं.

मुलगी सायकलिंगमध्ये मागे का? कारण आपण तिला रस्त्यावर जाऊच देत नाही. कसं देणार? समोरून उलट्या बाजूने दुचाकी, मागून डंपर, मधे खड्डा, कोपऱ्यावर कुत्री. ही भीती खोटी नाही आणि ती वाटल्याबद्दल कुणी आपल्याला नावं ठेवू नयेत. पण मग होतं असं की, सायकल हॉलमध्ये ट्रेनरवर चढते, समोर पंखा, बाजूला टीव्ही, आणि मुलगी जागच्या जागी तासभर पायडल मारते. पायात ताकद येते. वळण घेणं, उतारावर ब्रेक दाबणं, एका हाताने बाटली काढून पाणी पिणं, मान वळवून मागे बघताना सायकल सरळ ठेवणं, दुसऱ्याच्या चाकामागे न घाबरता राहणं, यातलं काही येत नाही. ऑलिम्पिकच्या धर्तीच्या शर्यतीत घोळक्यात सायकल चालवायला परवानगी असते आणि पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो. घोळक्यात राहायला बिचकणारी मुलगी एकटी मागे पडते आणि सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेते.

मग ती एकोणिसावी आली, तर हा कच्चा विषय तिचा की आपला?

यावर उपाय डंपरच्या रस्त्यावर नाही. रविवारी सकाळी कॉलेजचं आवार परवानगी काढून मिळतं का बघा. नाहीतर सोसायटीतला आतला रस्ता. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडायच्या आणि त्यातून नागमोडी जायचं, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायचं, सगळ्यात हळू कोण चालवतं याची शर्यत लावायची. ही शेवटची शर्यत आईबाबा हमखास हरतात आणि मुलांना त्याचा अपार आनंद होतो. हेल्मेट मात्र सोसायटीतही डोक्यावर हवंच.

सायकल मुलाच्या मापाची आहे ना, तेही पाहा. आपण सायकल घेताना हमखास म्हणतो, "एक नंबर मोठी द्या, वाढतं अंग आहे." मोठ्या सायकलवर मुलाला धड वळता येत नाही आणि ब्रेकपर्यंत बोटं नीट पोहोचत नाहीत. सायकल महाग असते, दर दीड वर्षाला नवी कुठून आणायची, हे खरंच आहे. पण ग्रुपमध्ये मोठ्या मुलांच्या लहान झालेल्या सायकली पडून असतात, त्या फिरवा की. ग्रुपवर शुभेच्छांखेरीज काहीतरी कामाचं येईल.

तिसरं धावणं. इथे आपली सगळ्यात मोठी फसगत होते. शाळेच्या मैदानावर पहिला येणारा मुलगा ट्रायथलॉनमध्ये रखडत धावतो आणि आपण त्याचं धावणं वाढवतो. खरं कारण बरेचदा आधीच्या टप्प्यात असतं. मुलांना जड गिअर टाकून दणादण पायडल मारायला आवडतं, त्यात शूर वाटतं. मग उतरल्यावर पाय आपले नसल्यासारखे होतात. गिअर हलका ठेवून पायडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरलं की पाय राखले जातात. मोजायची सोपी रीत म्हणजे पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते बघायचं. २० ते २२ वेळा गेला की ठीक.

आणि सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव हवाच. दहा-पंधरा मिनिटं सायकल, लगेच बूट घालून पाच-सात मिनिटं सावकाश पळणं. आठवड्यातून एकदा पुरे. त्या विचित्र पायांची ओळख झाली की मूल घाबरत नाही. नाहीतर पहिल्या स्पर्धेत त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंच.

धावणं वाढवण्याआधी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. साधारण अकरा ते चौदा या वयात मुलं झपाट्याने उंच होतात. हाडांची वाढ जिथे चालू असते, तिथेच स्नायूंची दोरी ओढ घेते. मग गुडघ्याच्या जरा खाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखतं किंवा टाचेच्या मागे दुखतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर, सेव्हर अशी नावं सांगतात. खेळणाऱ्या मुलांमध्ये हे बरंच आढळतं आणि धावणं, उड्या कमी केल्या की सहसा आटोक्यात राहतं. आपण मात्र म्हणतो, "कारणं सांगू नकोस, धावणं कच्चं आहे तुझं." लंगडत असेल, रात्री दुखत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि धावणं थांबवा. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं चालू ठेवता येतं. या खेळाची ती मोठी सोय आहे.

याच वाढीमुळे पक्की बाजूही मधेच डळमळते. हातपाय एकदम लांब झाले की छान पोहणारी मुलगी सहा महिने अवघडल्यासारखी पोहते. वेळ वाढतो. ती आरशासमोर उभी राहून रडते आणि आपण मोबाइलवर जुने आकडे काढून बसतो. तेराव्या वर्षीचं कच्चं-पक्कं सतराव्या वर्षी पूर्ण उलटलेलं असू शकतं. म्हणून "ही पोहणारी आहे", "हा धावणारा आहे" अशी पाटी आताच गळ्यात नको. पाहुण्यांसमोर तर नकोच. पाहुणे गेल्यावरही ती तिथेच राहते.

एक चौथी गोष्ट आहे, ती तक्त्यात बारीक अक्षरांत असते. बदलाची जागा. पाण्यातून येऊन सायकल घ्यायची, सायकल ठेवून धावायला निघायचं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही आणि सायकल परत लावेपर्यंत तो सोडायचा नाही, असा नियम आहे. घाईत मुलं हेच विसरतात. याला ना शिकवणी लागते, ना फी. पार्किंगमध्ये टॉवेल अंथरायचा, हेल्मेट, बूट, चष्मा ओळीत मांडायचा आणि आजीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्यायचं. नाडीऐवजी इलॅस्टिकची दोरी घातली की बूट चटकन चढतात. ज्या मुलाचं तिन्हींमध्ये काहीच धड नाही असं त्याला स्वतःला वाटतं, ते मूल इथे पटकन वरचढ ठरतं. महिनाभर पोहून जेवढे सेकंद वाचले नसते, तेवढे इथे आठवड्यात वाचतात. त्याचा चेहरा बघा मग.

वेळापत्रकाबद्दल एक कबुली आपण सगळेच देऊ या. मुलाचा कच्चा विषय बरेचदा आपल्या घड्याळातून येतो. तलावाची सोयीची बॅच भरलेली असते, दुसरी बॅच क्लासच्या वेळेत येते, सायकल फक्त बाबांना सुट्टी असेल तेव्हाच बाहेर निघते. धावायला कुणी लागत नाही, म्हणून धावणं रोज होतं. चार महिन्यांनी मुलाचं धावणं पक्कं आणि बाकी दोन कच्चं निघालं तर त्यात मुलाने काय केलं? ऑफिस, सासरचं, माहेरचं, दहावीची दुसरी लेक, सगळं सांभाळून आपण हे जमवतो. नाहीच जमलं कधी, तर तसं सांगावं त्याला. "या महिन्यात मला तुला तलावावर सोडायला जमत नाहीये, त्यामुळे पोहणं थोडं मागे पडेल, त्यात तुझी चूक नाही." मुलांना हे कळतं. न सांगता मात्र ती सगळं स्वतःवर घेतात.

आता तो गवतावरचा प्रश्न. काय विचारावं मग? आमच्या घरी हल्ली तक्ता त्या दिवशी उघडत नाही. आधी जेवण, आंघोळ, झोप. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच विचारते, "बघायचं का?" मग तिला आधी सांगू द्यायचं, कुठे मजा आली, कुठे नको वाटलं. ती "सायकलवर वळणाला मी घाबरले" असं म्हणाली, तर त्या एका वाक्यात सरांना सांगण्याजोगं सगळं असतं. एकोणिसाव्या नंबरात त्यातलं काहीच नसतं.

कधी कधी ती काही सांगतच नाही. खांदे उडवते, खोलीत जाते. तेव्हा आपण दाराबाहेरून भाषण चालू ठेवू नये. पोहे करावेत.

पुढच्या महिन्याचं वेळापत्रक लिहायला बसाल, तेव्हा एवढं करा. मुलाला शेजारी बसवा, पेन त्याच्या हातात द्या आणि आवडीच्या प्रकाराचे दोन दिवस आधी त्यालाच लिहू द्या. ते दिवस काहीही झालं तरी कापायचे नाहीत. सायकल, पाणी, धावणं, जे काय कच्चं असेल, ते उरलेल्या दिवसांत बसवा.